तिसऱ्यांदा गंजलेले ब्रेक

मिस्त्रीला राग यायला एरवी कारण लागत नसे, पण त्या सकाळी कारण होतं आणि तेही चांगलं दणदणीत. होडीच्या ट्रेलरचं डावं चाक त्याने काढून बाजूला ठेवलं, ब्रेकवरून बोट फिरवलं, आणि बोटावर आलेली पांढरी भुकटी पाहून त्याच्या तोंडून असा काही शब्द गेला की चहा घेऊन आलेली बायको शेडच्या दारातूनच मागे फिरली. कप तेवढा उंबऱ्यावर ठेवून गेली.

भुकटी मिठाची होती. मिठाखाली गंज होता, गंजाखाली अडकून बसलेला पिस्टन होता, आणि हे सगळं वर्षभरात तिसऱ्यांदा होत होतं. दुसऱ्या कुणाचा ट्रेलर असता तर मिस्त्रीने मालकाला उभा-आडवा झापला असता आणि मोकळा झाला असता. पण ट्रेलर त्याच्या थोरल्या बहिणीचा होता, आणि गोची तिथेच होती.

या मिस्त्रीची शेड बरोबर उताराच्या माथ्यावर. तिच्या दारातून रस्ता जो खाली सुटतो तो मध्ये एक वाईट वळण घेऊन थेट समुद्राच्या धक्क्यावर जातो. वळणाला बुटका दगडी कठडा, कठड्याखाली खडक. ज्यांना ज्यांना होडी पाण्यात सोडायची त्या सगळ्यांचे ट्रेलर त्याच्या दारावरून जायचे, आणि मिस्त्री आतूनच, मान वर न करता, नुसत्या आवाजावरून कुणाचा ब्रेक चिकटतोय आणि कुणाचं बेअरिंग ओरडतंय ते सांगायचा. ट्रकच्या गॅरेजात पोरवयात फडकं मारायला लागलेला माणूस. ब्रेकचं काम त्याच्या हाडात मुरलेलं होतं. "पळवायला कुणालाही येतं, थांबवायला अक्कल लागते," हे तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनाही ऐकवायचा. लोक त्याला पाठीमागे कुरकुऱ्या म्हणत. ते त्याला माहीत होतं, आणि त्याबद्दलही तो कुरकुरत असे.

भांडणं त्याने अंगावर घेतली तितके कुणी अंगावर कपडे घेतले नसतील. धक्क्याच्या रखवालदाराशी त्याचं कुठल्याशा जीपच्या पार्किंगवरून वाजलं होतं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. "तुझ्या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही," असं मिस्त्री चारचौघांत बोलला आणि खरंच त्याने पाय ठेवला नाही. शब्दाचा पक्का माणूस. चुकीच्या शब्दाचा तर जरा जास्तच पक्का.

त्याला "गप रे" म्हणून गप करू शकेल असं एकच माणूस जगात होतं, ते म्हणजे ताई. आई गेली तेव्हा मिस्त्री धड स्वतःच्या शर्टाची बटणं लावण्याएवढाही नव्हता. ताईने त्याला वाढवला, शाळेत त्याच्या खोड्यांबद्दल ताईनेच बोलणी खाल्ली, आणि तो हाताशी येईपर्यंत स्वतःचं लग्न लांबणीवर टाकलं. दाजी थांबले. दाजी बस चालवायचे; थांब्यावर थांबायची सवय होतीच, असं ताई हसून म्हणायची.

हे दाजी डेपोतून निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून त्यांनी एक जुनी होडी घेतली. हौशी लोकांना गळ टाकायला समुद्रात घेऊन जायचं, संध्याकाळी परत आणायचं. मिस्त्रीने आधी डोकं धरलं. "समुद्र म्हणजे काय डेपो आहे का, दाजी?" पण दाजी नुसते हसले, ताईने "गप रे" म्हटलं, आणि विषय संपला. मग मात्र मिस्त्रीने तो ट्रेलर आपल्या ताब्यात घेतला. कारण उतरणीवर त्या ट्रेलरच्या पुढे जी जीप असणार होती तिच्यात हीच दोघं बसणार होती.

ट्रेलरला मूळचे ड्रमचे ब्रेक होते. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. ट्रेलर पाण्यात गेला की खारं पाणी डब्यात शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं; आतल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या कुजल्या तरी बाहेरून काही दिसत नाही. पहिले काही महिने गेले आणि ड्रम उघडला तर आत सगळा लाल चिखल. मिस्त्रीने ड्रम काढून फेकला आणि डिस्क ब्रेक बसवले. डिस्क उघडी असते, पाणी धरून बसत नाही, धुवायला सोपी. दाजींनी मध्येच कुठेतरी ऐकून विचारलं, "विजेवरचे ब्रेक असतात म्हणे, ते नाही का चालणार?"

"चालतील की," मिस्त्री म्हणाला. "पहिल्या डुबकीपर्यंत चालतील. वायर आणि मीठ यांचं कधी पटलंय का?"

मग त्याने दोघांना उभं करून सगळं समजावलं. जीपने वेग कमी केला की मागचा ट्रेलर तिला ढकलतो. त्या ढकलण्यानेच जोडावरचा दांडा आत सरकतो, तेलावर दाब येतो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ब्रेक अडकले तर ट्रेलर ढकलतच राहणार, आणि वळणावर ढकलायला लागला की जीप कुणाचं ऐकणार नाही. म्हणून खाली पोचल्यावर लगेच पाण्यात घालायचं नाही. तापलेलं चाक गार पाण्यात गेलं की आतल्या हवेसकट आकसतं आणि पाणी आत ओढून घेतं, तेव्हा आधी निवू द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धुणं. पाण्यातून बाहेर काढल्या काढल्या, तिथेच, मीठ वाळायच्या आत. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धार बारीक करायची आणि सांध्यासांध्यात आतपर्यंत मारायची. त्याने स्वतःच्या शेडमधल्या नळावर करून दाखवलं. ताईने पाइप हातात घेऊन त्याच्यासमोर एकदा करूनही पाहिलं, स्वतः भिजली, त्यालाही भिजवलं, आणि दोघं लहानपणीसारखी हसली.

आणि तरी डिस्क गंजली.

मग त्याने गंज न धरणाऱ्या पोलादाच्या डिस्क मागवल्या, डिस्कला चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर मुलामा दिलेले मागवले, नळ्या बदलल्या, रबरी टोप्या बदलल्या. चांगल्यातलं चांगलं सामान त्याने त्या ट्रेलरला घातलं, स्वतःच्या मुलीच्या लग्नात घातलं नव्हतं इतकं, असं बायको म्हणायची. आणि आज चाक काढलं तर पुन्हा तीच पांढरी भुकटी. डिस्क तेवढी बरी होती. बाकी पिस्टन अडकलेला, सरकत्या पिना जागच्या जागी जाम, पट्ट्यांच्या मागच्या पत्र्याचे पापुद्रे सुटलेले. रोज धुतलेल्या ब्रेकचं असं होत नाही. शक्यच नाही. त्याने आख्ख्या आयुष्यात धुतलेल्या ब्रेकमध्ये एवढं मीठ पाहिलं नव्हतं.

दुपारी ताई आणि दाजी ट्रेलर न्यायला आले तेव्हा काम झालं होतं, पण मिस्त्रीचं डोकं सकाळपासून तापून लाल झालेलं होतं. त्याने खराब झालेले कॅलिपर एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवले होते.

"ताई, तू धुतेस ना हे?"

"धुते की. रोज."

"रोज?"

"अरे, रोज म्हणजे रोज. होडी बाहेर काढली की पहिलं तेच. दाजी दोऱ्या आवरतात, मी पाइप धरते. तू दाखवलंस तस्संच."

मिस्त्रीने एक कॅलिपर उचलून तिच्यासमोर धरला. नखाने खरवडला. पांढरे कण वर्तमानपत्रावर पडले. "मग हे काय आहे?"

ताई वाकून बघत राहिली. तिला खरंच कळेना. "मी धुते रे," ती पुन्हा म्हणाली.

"कंटाळा येतो तर कंटाळा येतो म्हण. मी काय तुला फाशी देणार आहे? पण माझ्या तोंडावर धुते म्हणू नकोस. मी तीनदा उघडलेत हे ब्रेक. माझ्या नाकी नऊ आलेत. पालथ्या घड्यावर पाणी चाललंय माझं!"

"अरे, ती खरंच धुते," दाजी म्हणाले. "मी समोर असतो."

"तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार, दाजी."

"गप रे," ताई म्हणाली.

नेहमी एवढ्यावर तो गप व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. "मीठ खोटं बोलत नाही, ताई. माणसं बोलतात. तू खोटारडी आहेस."

ताईने ओढणीचं टोक घट्ट खोचलं, दाजींना म्हणाली, "चला," आणि जीपमध्ये जाऊन बसली. दाजींनी ट्रेलर जोडला, साखळी अडकवली, मिस्त्रीकडे न बघता मान हलवली आणि गाडी उताराला लावली. मिस्त्री वर्तमानपत्रावरचे कॅलिपर भंगाराच्या डब्यात फेकत राहिला. एकेक फेकला, सगळी गल्ली ऐकेल असा.

त्यानंतर ताई आली नाही. आधी त्याला वाटलं, येईल. मग वाटलं, न येऊ दे. मग त्याने बायकोला तीनचार दिवस ऐकवलं की चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात. बायकोने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही एकदा खाली जाऊन बघून का येत नाही, काय चाललंय ते?"

"मी? त्या धक्क्यावर?" मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "मेलो तरी नाही."

दाजींची जीप मात्र रोज दारावरून जायची. सकाळी खाली, संध्याकाळी वर. हल्ली तर होडी घेऊन जाऊन आल्यावर ट्रेलर रिकामाच पुन्हा एकदा खाली जाताना दिसायचा. हा काय नवा उद्योग, असं मिस्त्रीच्या मनात यायचं, पण विचारणार कुणाला? जीप दारासमोर आली की तो पाठ करून काम करायचा. पाठ केली तरी कान उघडेच असतात. आधी काही आठवडे ट्रेलर मुकाट गेला. मग एका सकाळी त्याला तो आवाज आला, बारीक, दातावर दात घासल्यासारखा. डावा कॅलिपर चिकटला होता. पुढच्या आठवड्यात उजव्या बाजूने काहीच आवाज येईना, आणि ते त्याहून वाईट होतं, कारण याचा अर्थ उजवा ब्रेक मुळी धरतच नव्हता.

मिस्त्री दारापर्यंत गेला. हात वर करायचा आणि "थांबा" म्हणायचं, एवढंच काम होतं. जीप आली, काचेतून ताईचा चेहरा दिसला, ती सरळ समोर बघत होती. मिस्त्रीचा हात वर झाला नाही. ती थांबेल, ती थांबायला हवी, मी का म्हणून थांबवू, असं म्हणत तो परत आत गेला आणि दिवसभर एकही काम त्याच्या हाताला नीट लागलं नाही. गिऱ्हाइकांवर ओरडला, हातोडीवर ओरडला, एका बिचाऱ्या मांजरावर ओरडला. संध्याकाळी जीप सुखरूप वर आली तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही राग आला.

तो रोज ठरवायचा की उद्या थांबवू. उद्या उजाडला की आवाज यायचा, आणि आवाजाबरोबर ताईचं ते "मी धुते रे" आठवायचं, आणि डोकं पुन्हा फिरायचं.

आणि मग एका सकाळी वळणावर धडक बसल्याचा आवाज त्याला शेडमध्ये ऐकू आला. तो कसला आवाज आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो हातात पाना तसाच घेऊन उतारावरून धावत सुटला.

डावं चाक जाम झालं होतं, उजवं मोकळं पळालं होतं, आणि होडीसकट ट्रेलर आडवा होऊन जीपला कठड्यावर दाबून बसला होता. कठडा हलला होता पण पडला नव्हता. दाजी बाहेर उभे होते, कपाळावरून रक्त येत होतं, पण शुद्धीवर होते. ताईला लोकांनी उचलून एका गाडीत बसवलं होतं. तिचा उजवा हात मनगटापासून चुकीच्या दिशेला वळलेला होता. मिस्त्री गाडीपाशी पोचला तर तिने डोळे मिटून घेतलेले. त्याला पाहून मिटले की दुखण्याने, त्याला कळलं नाही. गाडी दवाखान्याकडे निघून गेली.

त्या क्षणी माणसाला वाईट वाटायला हवं. मिस्त्रीला वाटलं, पण त्याच्या आधी आणि त्याच्यापेक्षा जोरात संताप आला. बघितलंत? सांगितलं नव्हतं? तीनदा सांगितलं होतं, तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं होतं! तो जमलेल्या लोकांना मोठमोठ्याने सांगत होता की ब्रेक धुवायला काय अक्कल लागते का, साधा पाइप धरायचा असतो, तोही या लोकांना जड होतो. ऐकणारे त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होते. ते त्याच्या लक्षात आलं नाही.

होडी खाली उतरवून ठेवली, जीप बाजूला ओढली, आणि ट्रेलर रस्त्यावरून हलवायचा तर तो खाली धक्क्यावरच नेणं सोपं होतं. इतक्या वर्षांनी मिस्त्री धक्क्यावर उतरला. रखवालदार त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. मिस्त्रीला आताच्या आता ते चाक उघडायचं होतं. पुरावा बघायचा होता. बोल्ट सोडताना पाना निसटला आणि त्याच्या उजव्या हाताची सालटी निघाली. त्याने पुन्हा एक शब्द उच्चारला. चाकाला कठड्याची माती आणि चिखल थापला गेला होता, म्हणून त्याने भिंतीवरचा पाइप ओढला, नळ सोडला आणि तोंडावर अंगठा दाबून धार मारायला सुरुवात केली.

पाणी हातावरून वाहिलं आणि सोललेल्या सांध्यांना असं झोंबलं की त्याने पाइपच टाकून दिला.

तो पाइप जमिनीवर वळवळत राहिला. मिस्त्री हाताकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"हे कसलं पाणी आहे?" त्याने विचारलं.

"समुद्राचं," रखवालदार म्हणाला. "गोडं पाणी बंद केलं ना इथलं. पंप लावलाय. उतारावरचं शेवाळ आणि मासळीची घाण धुवायला लागतं, त्याला गोडं कशाला नासायचं?"

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. तुम्ही यायचं बंद केलंत, त्याच्यानंतर लगेच." रखवालदाराने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक पाटी होती, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागे. नुसता एक कोपरा दिसत होता. "सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे घरी नेऊन धुतात."

"आणि ताई?"

"ताई इथेच धुवायच्या. मला वाटायचं, चिखल काढतात. एवढी निगा कुणीच राखत नाही हो. आम्ही हसायचो कधीकधी, बाईंचा ट्रेलर त्यांच्या भांड्यांपेक्षा स्वच्छ म्हणून."

मिस्त्रीने नळ बंद केला. समुद्रावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या ओठांवर खारट चव असतेच. पाइपाचे तुषार तोंडावर उडाले तरी ताईला काय वेगळं कळणार होतं? तिचे हात तर दिवसभर दोरखंड ओढून आधीच मिठाचे झालेले असायचे. "पाण्यातून बाहेर काढल्या काढल्या, तिथेच," हे सांगणारा तो होता. धार आतपर्यंत मारायला शिकवणारा तो होता. मूळ रोग धक्क्यावर होता आणि हा वर बसून महागडी डिस्क मागवत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि या सगळ्यात एक खोटारडी शोधून काढली होती त्याने.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली ना अंगण, ना नळ. ट्रेलर रात्री गल्लीच्या टोकाला उभा करावा लागे. जिना चढताना मिस्त्री दोनदा थांबला. दाजींनी दार उघडलं. कपाळावर पट्टी होती. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये, आणि डाव्या हाताने ती वाळलेले टॉवेल घड्या घालायची धडपड करत होती. एकही घडी सरळ पडत नव्हती. मिस्त्री समोरच्या खुर्चीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "तू धुवत होतीस."

"हो."

"पाइपाला समुद्राचं पाणी आहे. खारं. तू खाऱ्याने खारं धुवत होतीस."

ताईचा हात टॉवेलवर थांबला. दाजी दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "अरे देवा," आणि स्टुलावर बसले.

"मला कळायला हवं होतं," मिस्त्री म्हणाला. "मी एकदा खाली यायला हवं होतं. मी तुला नको ते बोललो. चुकलं माझं, ताई. साफ चुकलं."

त्याला वाटलं होतं ती "गप रे" म्हणेल. ती म्हणाली नाही.

"तू खोटारडी म्हणालास ना," ताई म्हणाली, "त्या दिवसापासून मी दोनदा धुवायला लागले. वर आल्यावर होडी उतरवायची आणि रिकामा ट्रेलर पुन्हा खाली न्यायचा. दाजी दमलेले असायचे, तरी न्यायला लावायची त्यांना. म्हटलं, एकदा तरी तो उघडेल आणि आत स्वच्छ दिसेल." तिने टॉवेल पुन्हा उलगडला. "अंगठा दाबून, आतपर्यंत. तू शिकवलंस तसं."

मिस्त्रीने तिच्यासमोरचा टॉवेल ओढून घेतला, त्याची घडी घातली, मग दुसऱ्याची घातली.

"फार दुखतोय का हात?" त्याने विचारलं.

"दुखतोय," ताई म्हणाली.